चिमटीतलं तेल

अप्पांना तेल कळतं ते बोटांनी. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, मध्ये एक थेंब. बोटं मिटायची, हळू उघडायची, पुन्हा मिटायची आणि या खेपेला झटकन उघडायची. तार कुठवर येते, कुठं तुटते ते बघायचं. चार सेकंदांत निकाल: पातळ, बरं, जाड. चौथा शेरा क्वचित मिळतो, ‘मेलंय’. मेलेल्या तेलाला तार येत नाही, ते नुसतं बोटं ओली करतं.

ही परीक्षा ते गिरणीत शिकले. सोलापूरच्या एका कापड गिरणीत ते ऑइलमन होते. लांब चोचीचा तेलाचा डबा घेऊन पाळीभर खात्यातून फिरायचं, हे काम. तेल कमी पडलं तर बेअरिंग तापायचं आणि जास्त झालं तर उडून सुतावर डाग पडायचा. डाग पडलेल्या मालाचा हिशोब शेवटी ऑइलमनपाशी यायचा. सूत कातणाऱ्या चात्यांना पाण्यासारखं पातळ स्पिंडल ऑइल, कारण त्या मिनिटाला हजारो फेरे मारायच्या. मागच्या जड दात्यांना जाड तेल. अप्पांचं याबाबतचं सगळं शास्त्र एका ओळीत मावायचं: पळणाऱ्याला पातळ, ओढणाऱ्याला जाड. पुढं गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, आणि ते पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात लागले. तिथं चादरी विणायचे. तेलाचा डबा तोच, बोटंही तीच.

घरात चिमटीची दुसरी जाणकार आई. रव्याच्या लाडवाला एकतारी पाक की दोनतारी, हे ती अशीच दोन बोटांत बघते. तिळगुळाचा पाक असला तर वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून गोळी होते का ते बघते. लहानपणी मला हे दोघं एकच काम करतात असं वाटायचं. तसं ते नव्हतं, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या तोंडावरची गोष्ट. नंदीध्वजांची मिरवणूक निघून ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, तो यण्णीमज्जनाचा दिवस. यण्णी म्हणजे कानडीतलं तेल. अख्खं गाव रस्त्यावर होतं आणि मी दारात गाडीखाली. जुनी, वॉरंटी संपलेली छोटी कार घेतली होती आणि तिचं ऑइल घरीच बदलायचं असं मी ठरवलं होतं. तेल ओतायच्या झाकणावरच आकडा कोरलेला होता: ०डब्ल्यू-२०. तोच डबा आणला. अप्पांनी बूच उघडून चिमटी केली आणि माझ्याकडं पाहिलं.

“काय करलालास बे? हे पाणी आहे.”

“कंपनीनं हेच सांगितलंय, अप्पा.”

“कंपनी सोलापुरात ऱ्हाते का?”

प्रश्न बिनतोड होता. मे महिन्यात ४३-४४ अंश म्हणजे आमच्याकडं बातमी नव्हे. अशा गावात शून्य नंबरचं तेल घालायचं? आमच्या गॅरेजवाल्या उस्तादांचंही हेच म्हणणं. “साहेब, इथलं ऊन बघा की. जाड टाका, इंजिन शांत चालतंय.” उस्ताद तीस वर्षं हेच सांगत आलेत आणि तीस वर्षं त्यांच्याकडच्या गाड्या चालतायत. मी मात्र झाकणावर लिहिलं होतं तेच घातलं आणि आकडे वाचायला बसलो.

पहिली अडचण त्या डब्ल्यूचीच. तेलाच्या दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, डब्ल्यू म्हणजे वेट, वजन. कुणी कुणी ‘वीस-चाळीस’ असं एका दमात म्हणून तेल कितीला ते सांगतं. खरं तर डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेनं, एसएईनं, १९११ मध्ये इंजिन तेलांची दाटपणावरून पहिली वर्गवारी केली. आज डब्यावर दिसणारे आकडे त्याच वर्गवारीच्या सुधारलेल्या रूपातले. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड तेलाचा, नंतरचा गरम तेलाचा. आकडा म्हणजे दाटपणा मोजून आलेलं माप नव्हे, तो वर्ग आहे. शाळेत सातवी म्हटल्यावर जसं मुलाचं वय साधारण कळतं पण उंची कळत नाही, तसं.

आणि ही ‘थंडी’ कसली? १०डब्ल्यू म्हणवून घ्यायचं असेल तर उणे २५ अंशांना स्टार्टरला इंजिन फिरवता येईल इतकं तेल सैल राहिलं पाहिजे, आणि उणे ३० ला पंपाला ते ओढता आलं पाहिजे. २०डब्ल्यूला उणे १५ आणि उणे २०. ०डब्ल्यूला उणे ३५ आणि उणे ४०. आम्ही सोलापूरकर १५ अंशांना कानटोपी चढवणारे लोक. खोबरेलची बाटली गोठली की ती उन्हात ठेवतो आणि थंडी पडली असं एकमेकांना सांगतो. खोबरेल गोठतं २४ अंशांच्या आसपास! डब्यावरच्या पहिल्या आकड्यासाठी जी परीक्षा घेतात ती आमच्या गावात कधी होणारच नाही. इथवर वाचून मला अप्पांचं आणि उस्तादांचं पटायला लागलं होतं.

मग दुसरा आकडा. हा मोजतात १०० अंशांना. तेल एका बारीक नळीतून स्वतःच्या वजनानं वाहू द्यायचं आणि किती वेळ लागतो ते बघायचं. माप सेंटिस्टोक्स. साधं पाणी घरातल्या तापमानाला साधारण १ सेंटिस्टोक. १०० अंशांना तेल ६.९ ते ९.३ च्या मध्ये असेल तर त्याचा वर्ग २०. तिथून १२.५ पर्यंत ३०, मग १६.३ पर्यंत ४०, आणि २१.९ पर्यंत ५०. शिवाय १५० अंशांना, जोरात घासलं जात असताना ते किती टिकतं हे वेगळं बघतात, कारण बेअरिंगच्या फटीत तेलाची अवस्था तशीच असते.

१०० अंश. या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. पाण्यानं थंड होणाऱ्या कारमध्ये थर्मोस्टॅट असतो. इंजिन तापेपर्यंत तो रेडिएटरची वाट अडवून धरतो, तापल्यावर उघडतो, आणि पाणी ९० अंशांच्या आसपास ठेवायचं बघतो. तेल त्याच्याच आगेमागे. म्हणजे एकदा गाडी तापली की बाहेर हिमाचलातला जानेवारी आहे की सोलापुरातला मे, याचं तेलाला फारसं सोयरसुतक उरत नाही. इंजिन स्वतःचा ऋतू स्वतः घेऊन फिरतं. हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलीचं तसं नाही. तिला बाहेरची हवा हीच आधार. भर दुपारी नवी पेठेतल्या गर्दीत पहिल्या गिअरवर रेंगाळताना ती खरोखर भाजते. उस्तादांचं म्हणणं तिच्याबाबत बरंचसं खरं आहे. त्यांचं आयुष्य गेलं तेही असल्याच गाड्यांत.

तेलाच्या कंपन्या प्रत्येक तेलाचा एक माहितीचा कागद देतात. त्यावर दाटपणाचे दोन आकडे छापतात, एक १०० अंशांचा आणि दुसरा ४० अंशांचा. कारखान्यातल्या तेलांचे नंबर तर सरळ ४० अंशांवरच ठरतात. ३२, ४६, ६८ हे जे नंबर एमआयडीसीतला कुठलाही फिटर तोंडपाठ सांगतो, ते ४० अंशांवरचे सेंटिस्टोक्स. (६८ नंबरचं तेल आणि ६८ लिंगं हा निव्वळ योगायोग, पण सोलापूरकराला तो सोडवत नाही.) ४० अंश म्हणजे आमची एप्रिलमधली दुपार. म्हणजे कागदावर जो तेलाचा ‘गार’ रकाना आहे, तो आमच्या उन्हाळ्याचा. ज्या उन्हाला भिऊन आम्ही जाड तेल मागतो, ते ऊन तेलाच्या हिशोबी गारवा आहे.

दोन कागद शेजारी ठेवले. २०डब्ल्यू-४० चं एक तेल ४० अंशांना १३० च्या जवळपास आणि १०० अंशांना १४ च्या. १०डब्ल्यू-३० चं एक तेल ४० अंशांना ७० च्या आसपास आणि १०० ला साडेदहा. कंपनीगणिक आकडे थोडे इकडंतिकडं होतात, पण घडण हीच. अप्पांची चिमटी बघते ती ४० अंशांची बाजू. तिथं दुसरं तेल पहिल्याच्या जेमतेम निम्मं, म्हणजे ‘पाणी’. इंजिन जगतं १०० अंशांच्या बाजूवर. तिथं तेच तेल पाऊण आहे. शिवाय पहिलं तेल, ज्याला आपण भरभक्कम म्हणतो, ते गरम होताना नवव्या हिश्शावर आलेलं असतं. जाड तेल असं काही इंजिनात नसतंच. असतं ते थोडं जास्त पातळ आणि थोडं कमी पातळ.

तेव्हा मला आईचा पाक आठवला. गॅसवरचा पाक ती कधीच तसाच चिमटीत घेत नाही. थेंब ताटलीत टाकते, फुंकर मारते, मग बोटं. आणि हवा त्याच्या जरा आधीच पातेलं उतरवते, कारण ‘गार होताना तो आणखी चढतो.’ चिमटी कुठल्या तापमानाला करायची हे आईच्या परीक्षेत धरलेलं होतं. अप्पांच्या परीक्षेत ते धरायची गरज पडली नव्हती. गिरणीतलं बेअरिंग हाताला सोसवेल इतकंच तापायचं. त्याहून तापलं तर काहीतरी बिघडलं असं समजायचं. त्यांची बोटं आणि त्यांची यंत्रं एकाच हवेत होती.

आता पहिल्या आकड्याकडं परत यायला हवं, कारण मी त्याला जरा लवकर मोडीत काढलं होतं. उणे २५ आपल्याकडं येत नाही हे खरं. पण रात्रभर उभ्या गाडीतलं तेल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. सकाळी स्टार्टर मारल्यावर ते वर चढेपर्यंतचे क्षण धातूवर धातू घासण्याचे. सकाळचे २० अंश तेलासाठी चांगलेच गार. तिथं कमी डब्ल्यूचं तेल लवकर पोचतं. सोलापुरात हा फरक थोडाच, त्यापायी कुणी झोप घालवू नये. पण ‘शून्य म्हणजे पाणी’ हे काही त्याचं उत्तर नाही. शून्य म्हणजे गारठ्यात कमी हट्टी, एवढंच.

एकच तेल गारठ्यात सैल आणि उष्णतेत घट्ट कसं, हे मला यंत्रमागाच्या भाषेतच समजलं. मुळात तेल पातळ घेतात. त्यात लांबलचक साखळ्यांचे रेणू घालतात. गार असताना ते सुताच्या गुंडीसारखे गुंडाळून पडलेले असतात, तेलाला आडवे येत नाहीत. तापलं की गुंडी सुटते, धागे पसरतात, आणि तेलाच्या वाटेत गुंततात. तेल पातळ होतंच, पण होऊ शकलं असतं तितकं नाही. यातली गोम अशी की धागा तो धागाच. गिअरच्या दात्यांत सापडून तो तुटतो. मोटारसायकलीत इंजिन आणि गिअर यांना एकच तेल, त्यामुळं तिथं ही तुटफूट जास्त. डब्यावर ४० लिहिलेलं तेल काही हजार किलोमीटरनंतर ३० च्या वर्गात उतरलेलं असू शकतं. अप्पांचं ‘मेलंय’ ते हेच असावं असं मला वाटतं. काळं झालं म्हणून तेल मेलं असं मात्र नाही. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे, काळं होणं ही त्याची पावती.

इतकं वाचल्यावर माणसाला आपण शहाणे झालो असं वाटतं. मलाही वाटलं.

कारचा डबा चार लिटरचा. इंजिनात तीन गेलं, लिटरभर उरलं. घरात शंभर सीसीची मोटारसायकल, तिला लागतं लिटरला थोडं कमी. तिच्यावर १०डब्ल्यू-३० असं लिहिलं होतं, पण मला आता आकड्यांची भीती राहिली नव्हती. उंची तेल, वाया कशाला घालवायचं? घातलं. गावात आठवडाभर काही जाणवलं नाही. मग एका मंगळवारी तुळजापूरला निघालो. ४५ किलोमीटर, पैकी शेवटचा तुकडा घाटाचा. घाट लागला आणि गाडीनं विचित्र चाळा सुरू केला. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन भुंग्यासारखं ओरडायचं आणि चाक मात्र आपल्याच तालात. मागं बायको. ती म्हणाली, “आवाज वाढलाय, वेग कमी झालाय. असं असतं का?” असं नसतं. क्लच घसरत होता.

मोटारसायकलीच्या क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात आणि त्यांचं काम एकमेकींना घट्ट धरणं. कारच्या तेलात इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. डब्यावर एपीआय या अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेचं गोल चिन्ह असतं, वरच्या कमानीत एसएन, एसपी अशी दर्जाची अक्षरं, मध्ये दाटपणाचा वर्ग, आणि खालच्या कमानीत ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’, म्हणजे इंधन वाचवणारं. ते शब्द कारसाठी गुण, माझ्या प्लेटांसाठी शाप. म्हणूनच जपान्यांनी १९९८ मध्ये मोटारसायकलींच्या तेलासाठी जासो हे वेगळं मानक काढलं: ओल्या क्लचला एमए, आणि ज्या स्कूटरचा क्लच तेलात नसतो तिला एमबी चालतं. दाटपणाच्या आकड्यात मी महिनाभर बुडालो होतो आणि त्याच डब्यावरचे ते दोन शब्द वाचले नव्हते.

उस्तादांनी तेल काढलं, प्लेटा बघितल्या, योग्य तेल घालून चार दिवस चालवायला सांगितलं. प्लेटा वाचल्या होत्या. ते मला हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. जाताना एवढंच म्हणाले, “तुम्ही लई वाचलालाव साहेब. थोडं इचारत जावा.” त्यांच्याकडं एक जुनी रिक्षा उभी होती, झिजलेली, धूर ओकणारी. तिच्यात ते २०डब्ल्यू-५० ओतत होते. झिजलेल्या इंजिनात फटी वाढलेल्या असतात. तिथं जाड तेल म्हणजे म्हाताऱ्याच्या हातातली काठी. पाय बरे होत नाहीत, पण चालवतं. त्यांचा सल्ला त्या रिक्षेसाठी तंतोतंत होता, फक्त ते तो प्रत्येक गाडीला देतात. तिथंच नव्वद नंबरचं गिअर ऑइलही होतं. नव्वद म्हणजे चाळीसच्या दुप्पट जाड असं मी आयुष्यभर समजत होतो. गिअर तेलांची पट्टीच वेगळी. १०० अंशांना नव्वद नंबर इंजिनाच्या ४०-५० च्या आसपास येऊन बसतं.

एक गोष्ट मात्र मी अप्पांना मुद्दाम सांगितली. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये ब्यूशाँप टॉवर नावाच्या अभियंत्यानं रेल्वेच्या आसासारखं बेअरिंग फिरवून बघितलं. तेल घालायला वरच्या बाजूनं भोक पाडलं, तर फिरणाऱ्या आसानं तेल खालून वर ढकललं आणि त्या भोकातून बाहेर आलं. त्यानं बूच मारलं. बूच उडालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर. तेव्हा कळलं की फिरणारा आस तेल बेअरिंगच्या फटीत ओढून घेतो आणि तिथल्या तेलाच्या दाबावर तरंगतो. धातूला धातू शिवतच नाही. ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं. वेग जास्त तर पातळ तेलही आसाला उचलून धरतं. वेग कमी आणि ओझं जास्त तर दाट तेल लागतं.

अप्पांनी ऐकून घेतलं. “मग मी काय सांगत होतो? पळणाऱ्याला पातळ, ओढणाऱ्याला जाड.”

“हो, पण तुम्ही ते गार तेलावर बघत होता.”

यावर ते काही बोलले नाहीत. मला वाटलं विषय संपला.

चार दिवसांनी संध्याकाळी घरी आलो तर स्वयंपाकघरात आईचा आवाज चढलेला. गॅसवर पातेल्यात पाणी कढत होतं, त्यात स्टीलच्या दोन वाट्या तरंगत ठेवलेल्या. एकीत माझ्या कारचं उरलंसुरलं ०डब्ल्यू-२०, दुसरीत उस्तादांकडून मागून आणलेलं थोडंसं २०डब्ल्यू-४०. अप्पांनी एक बोट बुडवलं, झटकलं, पुन्हा बुडवलं. पन्नास वर्षं तापलेली बेअरिंगं चाचपलेली ती बोटं, त्यांना सोसत होतं. एका वाटीची चिमटी झाली, मग दुसरीची. मग परत पहिलीची. तार कुठल्याच थेंबाला येईना.

“फरक आहे,” ते म्हणाले. “पण सकाळी होता तेवढा नाही.”

“फरक राहू दे तिकडं,” आई म्हणाली. “त्या दोन्ही वाट्या आता स्वयंपाकघरात घेणार नाही मी.”

त्या वाट्या आता अंगणातल्या कोनाड्यात, तेलाच्या डब्याशेजारी असतात.